भरतीच्या दिवशी साखर २८६, आज ११८: स्वादुपिंडाच्या सुजेनंतरचे प्रश्न

वाचकाचं पत्र

डॉक्टरसाहेब, माझ्या मिस्टरांचं वय ४६. सात आठवड्यांपूर्वी पुतण्याच्या लग्नाहून आलो आणि त्याच रात्री त्यांच्या पोटात असह्य दुखायला लागलं. कळा पाठीपर्यंत जात होत्या, उलट्या थांबत नव्हत्या. पहाटे भरती केलं. स्वादुपिंडाला सूज आहे आणि पित्ताशयात बारीक खडे आहेत, असं निदान झालं. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाभोवती पाणी दिसलं. पाच दिवस आयसीयूत होते.

भरतीच्या वेळी साखर २८६ निघाली. त्यांना डायबेटिस कधीच नव्हता. डॉक्टर म्हणाले, साखर एवढी वाढलीय म्हणजे आजार हलका नाही. इन्सुलिनचा पंप लावला होता, तरी साखर १५० ते १७० च्या आसपासच ठेवत होते, १०० पर्यंत खाली आणलीच नाही. फाईलमध्ये तीन महिन्यांची सरासरी ५.६ लिहिलीय. घरी आल्यावर तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी इन्सुलिन बंद केलं. परवा लॅबमध्ये उपाशीपोटी ११८ आली.

सासूबाई म्हणतात, लग्नात गोडधोड खाल्लं आणि मी आवरलं नाही म्हणून हे झालं. थोरले दीर म्हणतात, इन्सुलिन एकदा लागलं की जन्माचं. गावात लोक दारूचा संशय घेतात, हे तर सुपारीलाही शिवत नाहीत. सर्जननी सहा आठवड्यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी बोलावलं होतं. पण साखर असताना टाके भरत नाहीत, दिवाळीनंतर बघू, असं घरात ठरलंय. रोज सकाळी कारल्याचा रस चालू आहे. साखरेमुळे आजार वाढला का? त्यांना आता डायबेटिस झाला का?

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, सासूबाईंच्या आरोपापासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या पत्रात आजाराइतकंच ते ओझं जाणवतं. लग्नातल्या जिलेबीने स्वादुपिंडाला सूज येत नाही. तुमच्या मिस्टरांच्या आजाराचं कारण सोनोग्राफीत दिसलं आहे, ते म्हणजे पित्ताशयातले खडे. बारीक खडा पित्ताशयातून निसटून पित्तनलिकेत उतरतो. या नलिकेचं आणि स्वादुपिंडाच्या नलिकेचं आतड्यात उघडणारं तोंड बहुतेकांत एकच असतं, तिथे तो अडकतो. मग स्वादुपिंडाचे पाचकरस बाहेर पडू शकत नाहीत, आतल्या आत जागे होतात आणि ज्या ग्रंथीने ते तयार केले तिलाच पचवायला लागतात. भरपेट तेलकट जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावतं आणि त्या वेळी खडा सरकू शकतो, एवढं खरं. पण तो खडा काही त्या दिवशी तयार झाला नव्हता. असे खडे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं साठत असतात. तुम्ही त्यांना पंगतीतून उठवलं असतं तरी खडा जागेवरच राहिला असता.

दारूच्या संशयाचंही तसंच. दारू हे या आजाराचं मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. खडे, रक्तातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे एक प्रकारची चरबी, फार वाढणं (साधारण १००० च्या पुढे), कॅल्शियम वाढणं, काही औषधं अशी बरीच कारणं आहेत. ज्यांनी आयुष्यात थेंब घेतला नाही त्यांनाही हा आजार होतो, आणि त्यांच्या घरच्यांना दुखण्यासोबत गावाच्या नजराही सोसाव्या लागतात. हा अन्याय आहे. कुणी विचारलं तर “पित्ताशयात खडे निघाले” एवढंच सांगा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. स्वादुपिंडात दोन कामं एकत्र चालतात. ग्रंथीचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो आणि त्यात विखुरलेले पेशींचे लहान पुंजके इन्सुलिन बनवतात. हे पुंजके सगळे मिळून ग्रंथीच्या एक-दोन टक्केच असतात. सूज आली की शेजारच्या आगीची झळ त्यांनाही लागते आणि इन्सुलिन कमी पडतं. पण २८६ पर्यंत साखर जाण्याचं एवढंच कारण नसतं. इतक्या मोठ्या दुखण्यात शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन आणि ग्लुकागॉन भराभर सोडतं. ही तिन्ही रसायनं यकृताला साखर सोडायला लावतात. सुजेमुळे तयार होणारे पदार्थ स्नायूंना इन्सुलिन जुमानू देत नाहीत. म्हणजे उत्पादन घटलेलं आणि जे आहे त्याचा परिणाम कमी, असा दुहेरी मार. त्यात एखाद्याला डेक्स्ट्रोजचं (साखरेचं) सलाईन किंवा स्टेरॉइड चालू असेल तर आकडा आणखी चढतो.

फाईलमधला ५.६ हा आकडा फार मोलाचा आहे, तो भरतीच्या वेळीच काढून घेतला हे उत्तम झालं. ही एचबीएवनसी तपासणी आधीच्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी सांगते. डायबेटिस ६.५ पासून धरतात. ५.६ म्हणजे आजारापूर्वी त्यांना डायबेटिस नव्हता. (ज्यांना रक्त चढवलेलं असतं त्यांच्यात हा आकडा फसवा येतो. सिकलसेल असणाऱ्यांतही तो भरवशाचा नसतो, म्हणून विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या वाचकांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.)

या दोन आकड्यांतून एक हिशोब निघतो. एचबीएवनसीला २८.७ ने गुणून त्यातून ४६.७ वजा केले की रोजच्या साखरेची अंदाजे सरासरी मिळते. ५.६ ला ती येते ११४. भरतीच्या रात्री साखर होती २८६, म्हणजे नेहमीच्या अडीच पट. आता शेजारच्या खाटेवर एक जुना डायबेटिसचा पेशंट आहे असं धरा, एचबीएवनसी ९. त्याची रोजची सरासरी येते २१२. त्याचीही साखर भरतीला २८६ असेल, तर ती नेहमीच्या सव्वा पटीहून थोडीच जास्त. रिपोर्टवर दोघांचा आकडा एकच, पण तुमच्या मिस्टरांच्या शरीराला बसलेला धक्का कितीतरी मोठा. डॉक्टर जे म्हणाले त्याचा अर्थ हा होता. नातेवाईक नुसता आकडा ऐकून घाबरतात किंवा निर्धास्त होतात. मला वाटतं, भरतीची साखर आणि एचबीएवनसी हे दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहायची पद्धत प्रत्येक दवाखान्यात असावी.

डॉक्टरांच्या त्या वाक्याला जुना आधार आहे. न्यूयॉर्कचे सर्जन जॉन रॅन्सन यांनी १९७४ मध्ये स्वादुपिंडाच्या सुजेची तीव्रता ओळखण्यासाठी अकरा खुणा मांडल्या. भरतीच्या वेळी पाहायच्या पाच खुणांपैकी एक होती साखर २०० च्या वर. पुढे खड्यांमुळे होणाऱ्या सुजेसाठी ती मर्यादा २२० केली. ब्रिटनमधल्या ग्लासगोच्या यादीतही साखर आहे. पण २००८ मध्ये आलेल्या आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या बायसॅप या पाच खुणांच्या यादीत साखर नाही. तिथे रक्तातला युरिया, शुद्ध हरपणं, शरीरभर पसरलेल्या सुजेची लक्षणं, वय आणि छातीतलं पाणी एवढंच पाहतात. यावरून साखरेचं वजन किती ते कळतं. ती महत्त्वाची खूण आहे, पण तिच्या एकटीवरून कुणाचं भवितव्य ठरत नाही. आज आजाराला तीव्र म्हणायचं का, हे ठरतं ते फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्ताभिसरण ४८ तासांहून जास्त काळ कोलमडलेलं राहिलं का यावर. तुमच्या मिस्टरांचे हे अवयव शाबूत राहिले असावेत असं पत्रावरून वाटतं. खात्रीसाठी डिस्चार्ज कार्ड पाहा, त्यावर तीव्रता लिहिलेली असते.

साखरेमुळे आजार वाढला का? भरतीला साखर जास्त असलेल्या पेशंटमध्ये अवयव कोलमडणं, आयसीयूतला मुक्काम आणि मृत्यू हे सगळं जास्त आढळतं. पण त्यात साखर बहुतांशी निरोप्याचं काम करते. आतली सूज जितकी जबर, तितकी साखर वर. मात्र ती अगदी निरुपद्रवीही नसते. साखर १८० च्या वर गेली की ती लघवीवाटे पडू लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. या आजारात शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, त्यामुळे ही गळती महागात पडते. दिवसेंदिवस साखर चढी राहिली तर पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढायची ताकदही कमी होते. म्हणून ती मोकाट सोडायची नसते, इन्सुलिन द्यावंच लागतं.

मग साखर १०० पर्यंत खाली का आणली नाही? ताई, यात कुणी दुर्लक्ष केलं नाही, उलट ते नीट काम होतं. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की सर्जिकल आयसीयूतल्या पेशंटची साखर ८० ते ११० मध्ये करकचून ठेवली तर मृत्यू कमी होतात. जगभर त्याचं अनुकरण सुरू झालं. मग ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिकेतल्या आयसीयूंनी मिळून सहा हजारांवर पेशंटची मोठी चाचणी केली. २००९ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि सगळ्यांनाच थांबून विचार करावा लागला. साखर ८१ ते १०८ मध्ये ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के पेशंट दगावले. १८० पर्यंत चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. करकचून ठेवलेल्या गटात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के होतं, दुसऱ्या गटात अवघं ०.५. हे पेशंट सगळ्या प्रकारच्या आजारांचे होते, फक्त स्वादुपिंडाचे नव्हते, पण धडा तिथेही लागू आहे. आयसीयूत गुंगीत असलेला माणूस “मला घाम येतोय, चक्कर येतेय” असं सांगू शकत नाही. साखर ४० पर्यंत खाली गेली तरी बाहेरून कळत नाही आणि मेंदू उपाशी राहतो. शिवाय सुजलेल्या स्वादुपिंडात साखर वर आणणाऱ्या ग्लुकागॉनचाही भरवसा नसतो. म्हणून आज १४० ते १८० हा पट्टा धरतात. तुमच्या मिस्टरांना १५० ते १७० मध्ये ठेवलं होतं, म्हणजे अगदी हवं तिथे. दर तासा-दोन तासांनी बोटाला टोचून पंपाचा वेग कमीजास्त करणाऱ्या सिस्टरांचं ते काम आहे. सोपं नसतं ते.

थोरल्या दिरांना सांगा, इन्सुलिनची सवय लागत नाही. शरीराला त्या दिवसांत ते कमी पडत होतं, बाहेरून दिलं. गरज सरली, बंद झालं. तुमच्या घरातच हे घडून गेलं आहे, आणखी कसला पुरावा हवा? पण याच्या उलट टोकाची समजूत मला जास्त धोक्याची वाटते, आणि ती बहुतेक घरांत असते. सुई बंद झाली, साखर गेली, आता तपासायचं काही कारण नाही, ही ती समजूत. तुम्ही परवा लॅबमध्ये तपासून घेतलंत, त्यामुळे तुम्ही तिच्या आहारी गेला नाहीत असं दिसतं. तशाच राहा.

११८ चा अर्थ आज असा. उपाशीपोटी १०० च्या आत म्हणजे नॉर्मल, १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली तर डायबेटिस, मधला पट्टा म्हणजे उंबरठा. तुमचे मिस्टर आज उंबरठ्यावर आहेत. पण सूज येऊन ९० दिवस होईपर्यंतच्या साखरेवरून कायमचं लेबल लावत नाहीत, कारण ग्रंथी अजून सावरत असते. तुम्हाला सातच आठवडे झालेत. म्हणून आज ना “डायबेटिस झाला” म्हणायचं, ना “वाचले” म्हणायचं. तीन महिने पूर्ण झाले की उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी दोन्ही करा. पुन्हा सहा महिन्यांनी करा. त्यानंतर दरवर्षी, आणि हे दरवर्षी करणं कायमचं. स्वादुपिंडाला अशी सूज येऊन गेलेल्यांपैकी साधारण सातातल्या एकाला पहिल्या वर्षातच नव्याने डायबेटिस होतो आणि पुढच्या वर्षांत धोका वाढत जातो. आजार सौम्य होता म्हणून हा धोका टळत नाही. हे वाक्य मी अधोरेखित करतो, कारण तीन दिवसांत घरी आलेला पेशंट पुन्हा फिरकतच नाही. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या साखर तपासणीची तारीख लिहिलेली असलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. नसेल तर आज तुम्ही स्वतः ती कॅलेंडरवर लिहा.

पुढे कधी डायबेटिस निघालाच, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल सांगा. तो नेहमीचा टाइप २ नसू शकतो. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा बहुतेक पेशंटवर टाइप २ चंच लेबल लागलेलं आढळलं. फरक औषधांत पडतो. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या आपल्याकडे भरपूर लिहिल्या जाणाऱ्या गोळ्या आणि आठवड्यातून एकदा घ्यायची, वजन कमी करणारी म्हणून गाजत असलेली इंजेक्शनं स्वादुपिंडाची सूज येऊन गेलेल्यांना शक्यतो देत नाहीत. इन्सुलिन लवकर लागू शकतं आणि साखर अचानक खाली जाण्याची भीती जास्त असते. आणखी एका गोष्टीवर नजर ठेवा. वजन उतरत असेल, शौच चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी होत असेल, तर पाचकरस कमी पडताहेत. त्यासाठी जेवणासोबत घ्यायच्या कॅप्सूल मिळतात. संकोच न करता डॉक्टरांना सांगा.

आता ऑपरेशन. तुमच्या घरी झालेल्या सगळ्या निर्णयांत मला हाच सर्वात चुकीचा वाटतो. खडे अजून आत आहेत. पित्ताशय जागेवर असेपर्यंत पुढचा खडा कधीही निसटेल आणि पुन्हा तीच रात्र येईल, कदाचित याहून वाईट. नेदरलँड्समध्ये झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य सूज असलेल्यांचे दोन गट केले होते. ज्यांचं पित्ताशय त्याच भरतीत काढलं त्यांच्यातल्या ५ टक्के लोकांना सहा महिन्यांत पुन्हा खड्यांचा गंभीर त्रास झाला. ज्यांना महिनाभराने बोलावलं त्यांच्यात १७ टक्के. तुमच्या मिस्टरांना सहा आठवडे थांबवलं ते स्वादुपिंडाभोवतालचं पाणी जिरावं म्हणून, आणि ते बरोबरच होतं. ती मुदत आता संपली आहे. ११८ साखरेला टाके भरत नाहीत हे खरं नाही. अनेक वर्षांच्या डायबेटिसवाल्यांची ऑपरेशनं रोज होतात आणि जखमाही भरतात, फक्त साखर आवाक्यात ठेवावी लागते. दिवाळीपर्यंत थांबण्यात साखर काही सुधारणार नाही. उलट मधल्या फराळात चकली-शेवेचं तेल तेवढं पोटात जाईल.

खाण्याचं थोडक्यात: तेल-तूप कमी, थोडं थोडं पण वरचेवर. भाकरी, साधं वरण, मुगाची खिचडी, उकडलेल्या भाज्या, साय काढलेलं ताक चालेल. तर्री, वडे, खारे शेंगदाणे ऑपरेशन होईपर्यंत नकोत. दारू नाही हे उत्तमच, बिडी-सिगारेटही आयुष्यभर नको, तिचा या ग्रंथीला स्वतंत्र त्रास होतो. कारल्याच्या रसाने पित्ताशयातले खडे जात नाहीत आणि स्वादुपिंड लवकर भरूनही येत नाही. उपाशीपोटी तो कडू रस प्यायल्यावर मळमळ झाली, तर ती रसाची की परतलेल्या आजाराची, हे तुम्हालाच कळणार नाही. सासूबाईंचं मन राखायचं तर कारल्याची भाजी करा, कमी तेलात.

पुन्हा पोटात कळ येऊन पाठीत गेली, उलट्या सुरू झाल्या, थंडी वाजून ताप आला, डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. साखर २५० च्या वर आणि सोबत उलट्या किंवा सुस्ती असेल तरीही तसंच. वाटेत एखादा डॉक्टर गॅस झालाय म्हणून इंजेक्शन देऊ लागला तर त्याला आधीचं डिस्चार्ज कार्ड दाखवा.

या आठवड्यात सर्जनची वेळ घ्या. जाताना डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि परवाचा लॅबचा कागद न्या. स्वादुपिंडाभोवतालचं पाणी जिरलं का ते पाहायला सोनोग्राफी पुन्हा करायची का, असं विचारा. ट्रायग्लिसराइड आधी तपासलं नसेल तर तेही सुचवा, कधी खडे आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही असतात. आणि थोरल्या दिरांना सोबत घेऊन जा. ऑपरेशन लांबवायचं का, हे त्यांनी सर्जनच्या तोंडूनच ऐकावं.